जुन्या रूपाची नवी फटफटी

परवा शाळा सुटायच्या वेळेस फाटकापाशी मुलांचा मोठा घोळका जमला होता. जवळ जाऊन पाहिले, तर आमचा एक माजी विद्यार्थी नवी मोटारसायकल घेऊन शाळेत भेटायला आलेला. लांबट लाल टाकी, गोल दिवा, दोन गोल तबकड्या, तारांची चाके, पुढे खाली झुकलेले हँडल आणि दोन्ही बाजूंना एकेक चकचकीत सायलेन्सर. रॉयल एन्फील्ड कंपनीची कॉन्टिनेंटल जीटी ६५०. तिच्या शेजारीच आमच्या शाळेतील लेखनिकांची बुलेट उभी होती, चाळीस वर्षांपूर्वीची. आजी आणि नात एकाच वाणाची लुगडी नेसून शेजारीशेजारी उभ्या राहाव्यात, तशा त्या दोघी दिसत होत्या.

मुले नव्या गाडीभोवती जमली होती, हे सांगायला नकोच. पण नववीतील एक मुलगी खाली वाकून टाकीखाली काही तरी शोधत होती. तिच्या वडिलांचे गावात गॅरेज आहे. थोड्या वेळाने ती म्हणाली, "सर, हिचा पेट्रोलचा कॉक कुठे आहे? रिझर्व्हला कसं लावायचं?"

गाडीचा मालक हसून म्हणाला, "हिला कॉक नसतोच."

"का नसतो?"

या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याला देता येईना. गाडी त्याची, हप्ते त्याचे, पण कॉक का नाही हे त्याला ठाऊक नव्हते. त्या मुलीच्या 'का'मधून हा लेख निघाला आहे.

आवड कसली? आठवणींची?

विद्यार्थी मित्रहो, जुन्या धाटणीच्या नव्या मोटारसायकली हल्ली जगभर निघत आहेत. इंग्लंडमधील ट्रायम्फ कंपनीची बॉनव्हिल मूळची १९५९ सालची. २००१ साली ती नव्या एंजिनासह पुन्हा अवतरली. जपानच्या कावासाकी कंपनीने २०१७ साली झेड ९०० आरएस ही गाडी दाखवली, ती १९७२ च्या झेड १ या गाजलेल्या गाडीच्या वळणावर बेतलेली. आपल्याकडे म्हैसूरला बनणारी जावा बंद पडून कित्येक वर्षे लोटल्यावर २०१८ साली त्याच नावाने आणि त्याच चेहऱ्याने परत आली. पुण्याजवळ चाकणच्या बजाज कारखान्यात तयार होणारी ट्रायम्फची स्पीड ४०० ही २०२३ साली बाजारात आली. तिचाही तोंडवळा जुनाच.

अशा गाड्या लोकांना का आवडतात, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: जुन्या आठवणी! पण हे उत्तर मला पटत नाही. आमचा हा विद्यार्थी पंचवीस वर्षांचा आहे. ज्या काळच्या गाडीसारखी त्याची गाडी दिसते, त्या काळी त्याचे वडीलदेखील जन्मले नव्हते. जे पाहिलेच नाही, त्याची आठवण कशी येणार? तेव्हा या आवडीचे कारण दुसरे काही तरी असले पाहिजे. मला वाटते, ते त्या जुन्या आकारातच दडलेले आहे.

चहाच्या टपरीवरचे वेगवेडे

त्यासाठी थोडे इंग्लंडात जाऊन यावे लागेल. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ साली 'एस कॅफे' नावाचे एक उपाहारगृह सुरू झाले. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचालकांना चहा-खाणे मिळावे, हा त्याचा मूळ उद्देश. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० च्या दशकात, तेथे मोटारसायकलवाल्या तरुणांचे अड्डे जमू लागले. ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर वेग गाठणे ही त्यांची महत्त्वाकांक्षा. अशा कॅफेंवरून त्यांच्या गाड्यांना 'कॅफे रेसर' हे नाव पडले.

ही मुले श्रीमंत नव्हती. शर्यतीची गाडी विकत घेणे त्यांना परवडत नसे. म्हणून ती साधी गाडी घेऊन घरच्या पडवीत पाना-स्क्रूड्रायव्हरने तिच्यात फेरफार करीत. ट्रायम्फचे एंजिन चांगले आणि नॉर्टनची चौकट चांगली, असे दिसल्यावर त्यांनी एकाचे एंजिन दुसरीच्या चौकटीत बसवले आणि त्या जोडगाडीला 'ट्रायटन' म्हटले. हँडल खाली घेतले, पाय ठेवण्याचे दांडे मागे सरकवले, मागच्या माणसाची जागा काढून टाकली. हे सारे शोभेसाठी नव्हते. का केले, ते एका छोट्या गणितावरून कळेल.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो हे तुम्हाला माहीत आहे. त्या विरोधाविरुद्ध गाडी ढकलायला लागणारी शक्ती म्हणजे विरोध गुणिले वेग. म्हणून ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला, तर शक्ती आठपट लागते! ताठ बसलेला चालक आणि गाडी मिळून हवेला जो अडसर होतो, त्याचे परिणामी क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर आहे असे समजू. हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरली, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला केवळ हवेसाठी सुमारे १.७ किलोवॅट शक्ती पुरते. ताशी १२० ला ती १३ किलोवॅटच्या वर जाते आणि ताशी १६० ला ३१ किलोवॅटच्याही वर. कॉन्टिनेंटल जीटी ६५० चे एंजिन ४७ अश्वशक्तीचे आहे, म्हणजे सुमारे ३५ किलोवॅटचे. शंभर मैलांच्या वेगाला जवळजवळ सगळे एंजिन एकट्या हवेशी झुंजत असते, हे यावरून दिसेल.

आता चालक खाली वाकला आणि ते क्षेत्रफळ एक पंचमांशाने कमी झाले, तर तेवढ्याच शक्तीत वेग किती वाढेल? १ ला ०.८ ने भागा आणि घनमूळ काढा. उत्तर सुमारे १.०८ येते. म्हणजे ताशी १६० चा वेग १७२ होईल. खाली झुकलेल्या हँडलाचा अर्थ एवढाच. पडवीत काम करणाऱ्या त्या पोरांनी घनमूळ काढले नसेल, पण हवेने त्यांना ते शिकवले होते.

गाडीच्या आकारावर कायद्याचाही हात असतो. १९६१ पासून ब्रिटनमध्ये शिकाऊ चालकांना २५० घन सेंटिमीटरपेक्षा मोठे एंजिन चालवण्यास बंदी झाली. मग त्या मर्यादेतच जास्तीत जास्त चपळ गाडी हवी, अशी तरुणांची मागणी आली. रेडिचच्या रॉयल एन्फील्ड कंपनीने १९६० च्या दशकाच्या मध्याला कॉन्टिनेंटल जीटी नावाची २५० ची गाडी काढली. पडवीत होत असलेले सारे फेरफार तिच्यात कारखान्यातूनच करून मिळत. पुढे १९७० च्या सुमारास इंग्लंडमधील मूळ धंदा बंद पडला. पण मद्रासला १९५५ पासून बुलेट बनवणारी भारतीय कंपनी टिकून राहिली, आणि २०१८ साली तिनेच ६५० ची नवी कॉन्टिनेंटल जीटी विक्रीला आणली. आमच्या फाटकापाशी उभी होती ती ही.

प्रत्येक आकाराला कारण होते

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. जुन्या गाडीची टाकी एंजिनाच्या वर का असते? कारण पेट्रोल वरून खाली वाहते. टाकी वर, कार्ब्युरेटर खाली, मधे एक रबरी नळी आणि एक कॉक. पंप नको, वीज नको. सगळे काम गुरुत्वाकर्षण करते. कॉकच्या आत कमी-अधिक उंचीच्या दोन वाटा. उंच वाटेचे पेट्रोल संपले, गाडी गचके खाऊ लागली की कॉक फिरवायचा आणि तळाशी राहिलेल्या साठ्यावर घर गाठायचे. म्हणजे रिझर्व्ह ही काही वेगळी टाकी नव्हे. ती फक्त नळीची उंची आहे!

कार्ब्युरेटरचेही तसेच. नळी मधे अरुंद केली की तेथून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. त्या कमी दाबामुळे बारीक छिद्रातून पेट्रोल वर ओढले जाऊन हवेत फवारले जाते. बर्नुलीचा सिद्धांत तुम्ही पुस्तकात वाचता. तोच येथे पितळेच्या आणि जस्ताच्या भाषेत लिहिलेला असतो.

एंजिनावरच्या आडव्या फिन, म्हणजे धातूच्या त्या पातळ चकत्या, कशासाठी? पेट्रोल जळून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश एवढीच कामी येते. उरलेली उष्णता धुराबरोबर आणि एंजिनाच्या अंगावाटे बाहेर जाते. ती लवकर जावी म्हणून हवेला लागणारा पृष्ठभाग वाढवायचा. १० सेंटिमीटर व्यासाचा आणि तितक्याच उंचीचा साधा सिलिंडर घेतला, तर त्याच्या बाजूचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर भरते. त्याच्याभोवती ३ सेंटिमीटर बाहेर येणाऱ्या आठ चकत्या बसवा. प्रत्येक चकतीच्या दोन बाजू मिळून २४५ चौरस सेंटिमीटर होतात, आठांच्या मिळून १९६०. पृष्ठभाग सातपट झाला! वहीत मांडून पाहा.

दिवा गोल का? कारण तारेचा बल्ब सर्व दिशांना प्रकाश टाकतो. तो समोर समांतर पाठवायचा तर त्याच्यामागे अन्वस्ताकृती आरसा हवा आणि बल्ब त्याच्या नाभीशी हवा. अन्वस्त स्वतःच्या अक्षाभोवती फिरवले की जो पृष्ठभाग तयार होतो, त्याचे तोंड गोलच येते. दिव्याचा आकार चित्रकाराने नव्हे, भूमितीने ठरवला.

जुन्या गाडीचे सौंदर्य मला येथे दिसते. तिच्यात झाकलेले फारसे काही नव्हते. पेट्रोल कोठून येते, ठिणगी कोठे पडते, धूर कोठून जातो, साखळी काय ओढते, हे सारे डोळ्यांनी माग काढत वाचता येई. माणसाला आवडतो तो हा वाचता येण्याचा गुण. आमचा तरुण मित्र जुन्या काळावर नव्हे, या मोकळेपणावर भाळला आहे, असे माझे मत आहे. चारी बाजूंनी प्लॅस्टिकने मढवलेल्या गाडीपुढे उभे राहून तो सुख मिळवू शकत नाही, कारण तेथे वाचण्याजोगे काही दिसतच नाही.

कानांचीही एक वाचनकला आहे. आपल्या भाषेने या वाहनाला फटफटी म्हटले ते उगाच नव्हे. एका सिलिंडरच्या चार फेऱ्यांच्या एंजिनात दर दोन आवर्तनांना एकदा स्फोट होतो. उभी असलेली बुलेट मिनिटाला ९०० आवर्तने करीत असेल, तर सेकंदाला साडेसात स्फोट झाले. एवढे सुटे ठोके कान मोजू शकत नसला तरी वेगळे ओळखू शकतो. चार सिलिंडरचे एंजिन मिनिटाला ६००० आवर्तने करू लागले की सेकंदाला २०० स्फोट होतात. मग ठोके विरून जातात आणि एक सलग सूर ऐकू येतो. फटफटीचा आवाज आवडतो, कारण त्यात एंजिनाची नाडी ऐकू येते.

दिसते तसे नसते

येथवर जुन्या गाडीबद्दल झाले. नव्या गाडीचे काय? कॉन्टिनेंटल जीटी ६५० च्या टाकीत विजेचा पंप बुडवलेला आहे. तो दाबाने पेट्रोल पुढे पाठवतो आणि सूक्ष्म छिद्राची एक विद्युत्-झडप ते मोजून फवारते. किती फवारायचे, ते छोटा संगणक ठरवतो. पेट्रोल पंपाने येते, म्हणून कॉक नाही. खरे म्हणजे टाकीही वर असण्याचे कारण उरलेले नाही. सवयीने आणि सोयीने ती तेथे राहिली आहे.

हा बदल हौसेने झालेला नाही. धुरातील विषारी वायू कमी करणारे उत्प्रेरक नीट चालायचे, तर एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण काटेकोर राखावे लागते. धुराड्यात बसवलेला संवेदक उरलेला ऑक्सिजन तपासतो आणि संगणकाला खबर देतो. साध्या कार्ब्युरेटरला ही चोख मापाई जमत नाही. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे कडक नियम लागू झाले आणि मोटारसायकलींवरचा कार्ब्युरेटर जवळजवळ संपला. आपल्या फुप्फुसांच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट झाली.

ब्रेकचेही तसेच. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर कापते. ब्रेकने दर सेकंदाला वेग ४ मीटरने कमी होत असेल, तर थांबेपर्यंत सुमारे ६२ मीटर अंतर जाते. तोच ७ मीटरने कमी झाला, तर ३५ मीटर पुरतात. फरक २७ मीटरचा, म्हणजे दोन एस.टी. बस एकापुढे एक उभ्या केल्या तर होईल त्याहून अधिक. त्यात नव्या गाडीला चाक अडकू न देणारी एबीएस नावाची योजना आहे. चाक फिरायचे थांबून घसरू लागले, तर ती सेकंदात अनेकदा ब्रेक सोडून पुन्हा लावते, त्यामुळे गाडी तोल राखते. २०१९ पासून १२५ घन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या नव्या मोटारसायकलींना ती आपल्याकडे सक्तीची आहे. म्हणून 'जुने ते सोने' असे म्हणत कोणी या गाड्यांची तरफदारी करू लागला, तर त्याला सांगा की बाबा रे, यातले सोने नवेच आहे, फक्त दागिन्याची घडण जुनी.

पण आता एक गंमत पाहा. ट्रायम्फ कंपनीने २००८ च्या सुमारास बॉनव्हिलचा कार्ब्युरेटर काढून इंधन फवारणी आणली, तेव्हा तिने नव्या यंत्रणेचे बाह्य रूप हुबेहूब जुन्या कार्ब्युरेटरसारखे घडवले! आत सर्व निराळे, वर कार्ब्युरेटरचे सोंग. कावासाकीची झेड ९०० आरएस पाण्याने थंड होते, तिला पुढे रेडिएटर आहे. तरी तिच्या एंजिनावर हवेने थंड होणाऱ्या जुन्या एंजिनासारख्या फिन ओतलेल्या आहेत. तिचा दिवा एलईडीचा, त्याला अन्वस्ताची गरज नाही, तरी गोल. याउलट आमच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या कॉन्टिनेंटल जीटीचे एंजिन हवेने आणि तेलाने थंड होते. तिच्या फिन खऱ्या आहेत, त्या अजून नोकरीवर आहेत.

आवाजातही असाच एक बारकावा आहे. १९६० च्या दशकातील इंग्रजी जोड-सिलिंडर गाड्यांचे दोन्ही दट्टे एकाच वेळी वर जात आणि एकाच वेळी खाली येत. त्यांचे स्फोट समान अंतराने होत, पण गाडी हाडे खिळखिळी होईतो थरथरे. नव्या ६५० मध्ये दोन दट्ट्यांत २७० अंशांचा फरक ठेवला आहे. एक दट्ट्या टोकाला क्षणभर थांबतो तेव्हा दुसरा भरधाव असतो, त्यामुळे हादरे कमी होतात. स्फोटांमधील अंतरे मात्र २७० आणि ४५० अंश अशी विषम होतात, म्हणून ठोका किंचित लंगडत पडतो. हा आवाज आजोबांच्या गाडीचा नव्हे. तो नव्या रचनेचा स्वतःचा आवाज आहे आणि म्हणूनच मला तो प्रामाणिक वाटतो.

भाज्याच्या लेण्यातील खांब

काम संपले तरी आकार मागे राहतो, ही गोष्ट मोटारसायकलीपुरती नाही. सहलीला भाजे-कार्ल्याला गेला असाल, तर आठवा. भाज्याच्या चैत्यगृहातील खांब सरळ उभे नाहीत, ते आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत छपराचा रेटा सहन करण्यासाठी खांब असे कलते ठेवीत. पण हे लेणे तर अखंड कातळात कोरलेले! तेथे छपराचा रेटा कुठला? दगड कोरणाऱ्याने लाकडी इमारतीचा आकार जसाच्या तसा उचलला. तेथे छताला खऱ्या लाकडाच्या कमानीही बसवलेल्या आहेत. पुढे अजिंठ्याच्या १९ आणि २६ क्रमांकांच्या लेण्यांत त्या कमानीसुद्धा दगडातच कोरल्या गेल्या. भार काही नाही, फक्त आठवण. अशा अवशिष्ट आकाराला पुराणवस्तुशास्त्रात 'स्क्यूओमॉर्फ' असे नाव आहे. मोबाइल फोनमध्ये छायाचित्र घेताना होणारा 'खट्' असा आवाज हाही त्याच जातीचा.

कोणी म्हणेल, अजिंठ्याच्या कमानी तुम्हाला चालतात, मग बॉनव्हिलच्या खोट्या कार्ब्युरेटरने काय घोडे मारले? सौंदर्याला कारण कशाला हवे? हा आक्षेप वजनदार आहे. मी त्यावर पुष्कळ विचार केला. अजिंठ्याची कमान पाहणाऱ्याला फसवीत नाही. ती दगडाची आहे, हे दिसतेच. आणि ती काय करते हे न कळल्याने कोणाचे बिघडत नाही. मोटारसायकलीचे तसे नाही. तिच्यावर आपण जीव सोपवून बसतो. ती समजली पाहिजे, बिघडली तर उघडता आली पाहिजे. तिचा दर्शनी भाग चुकीची माहिती देत असेल, तर तो शोभेचा राहत नाही, तो दिशाभूल करतो.

म्हणून मी या गाड्यांच्या अवयवांचे तीन गट करतो. पहिला, जे जुन्या रूपात जुनेच काम करतात: हवेने थंड होणाऱ्या एंजिनाच्या फिन, खाली झुकलेले हँडल. यांना माझा सलाम. दुसरा, ज्यांचे मूळ कारण गेले पण जे दुसरेच काही असल्याचा आव आणीत नाहीत: गोल दिवा, वरची टाकी. यांच्याशी माझे भांडण नाही. तिसरा, जे दुसऱ्याचे सोंग घेतात. ते मला नापसंत आहेत, ते कितीही सुबक असोत.

खरा मोकळेपणा कोणता?

पण माझी खरी तक्रार त्या सोंगाहून पुढची आहे. जुने रूप एक वचन देते. ते म्हणते, "ये, मला बघ, मला उघड, मी तुला समजेन." पडवीत ट्रायटन जोडणाऱ्या पोरांना ते वचन खरे ठरले होते. आज त्या मुलीचे वडील बुलेटचा कार्ब्युरेटर डोळे मिटून खोलतात. नव्या गाडीवर इशाऱ्याचा दिवा लागला, तर मात्र गिऱ्हाइकाला तालुक्याच्या गावी पाठवावे लागते, कारण संगणकाचे दुखणे वाचणारे यंत्र त्यांच्याकडे नाही. त्यांची बोटे अडाणी झालेली नाहीत, त्यांच्यापुढचे दार बंद झाले आहे.

यावर उपाय कार्ब्युरेटर परत आणणे हा नव्हे. ते धुराकडे परत जाणे होईल. उपाय असा की ज्याने जुने रूप घेतले, त्याने जुना मोकळेपणाही घ्यावा. दुरुस्तीची पुस्तके साध्या भाषेत, मराठीतही, मिळावीत. सुटे भाग मिळावेत. संगणक काय म्हणतो, ते वाचण्याचे साधन गावच्या गॅरेजवाल्यालाही रास्त किमतीत घेता यावे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर २०२२ साली समिती नेमली, तीत वाहनांचाही विचार होता. ही मागणी केवळ ग्राहकांची नाही. ज्या देशात मुले घरातील यंत्र उघडून पाहू शकत नाहीत, तेथे पुढचे यंत्र नव्याने कोण रचणार?

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. भंगाराच्या दुकानात जुना कार्ब्युरेटर अगदी थोड्या पैशांत मिळतो. तो आणून प्रयोगशाळेत खोला. बर्नुलीवर तासभर फळ्यावर लिहिण्यापेक्षा तो अर्धा तास अधिक शिकवील. त्याच्या शेजारी, मिळाल्यास, बिघडलेला इंजेक्टरही ठेवा, म्हणजे मुलांना दोन्ही पिढ्या दिसतील.

आणि विद्यार्थी मित्रहो, अठरा वर्षे पूर्ण होऊन परवाना हाती आल्याखेरीज गिअरच्या गाडीवर बसायचे नाही, आणि हेल्मेटशिवाय तर कधीच नाही. पण उभी गाडी पाहायला परवाना लागत नाही. घरातली, शेजाऱ्याची, कोणतीही मोटारसायकल घ्या. तिचे दहा अवयव वहीत लिहा आणि प्रत्येकासमोर तीन प्रश्नांची उत्तरे मांडा: हा आकार पहिल्यांदा कशामुळे आला? ते कारण अजून आहे का? नसेल, तर हा अवयव सरळ तसे सांगतो की सोंग घेतो?

त्या दिवशी आम्ही तसेच केले. मालकाने गाडीची सीट काढून दिली, मुलीने पंपाच्या तारा कोठून टाकीत जातात ते शोधून काढले, आणि गाडीचा मालक आपल्याच गाडीकडे पहिल्यांदाच पाहावे तसा पाहत राहिला. निघताना त्याने दोन्ही गाड्या सुरू करायला सांगितल्या. मुले डोळे मिटून उभी राहिली. बुलेट कोणती आणि नवी कोणती, हे ओळखायला कोणालाही वेळ लागला नाही.